सावरलेल्यांची सजगता

10 ऑक्टोबर, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिन, जवळ आला की कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूममधले दिवे मंद होतात. पाहुणे वक्ते डोळे मिटायला सांगतात, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. टेबलावर पालथे ठेवलेले मोबाइल अधूनमधून थरथरतात. शेवटी एचआरकडून कुणीतरी समाधानाने जाहीर करतं की आता आपल्याकडे मानसिक आरोग्यावर मोकळेपणाने बोललं जातं. सत्राला माझी हरकत नाही, हरकत आहे ती या जाहीर करण्याला.

माइंडफुलनेसचा प्रवास आता बहुतेकांना ठाऊक आहे. 1976 मध्ये इगतपुरीला गोएंकाजींचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी ध्यानाचा वर्ग काढला. पुढे अॅप आली. या साऱ्याला भांडवलशाहीचा डाव म्हणणारे तेवढं म्हणून थांबतात. ‘हे तर आमच्या मनाच्या श्लोकांतच होतं’ म्हणणाऱ्यांनी ते श्लोक शेवटचे कधी म्हटले होते, ते आठवून पाहावं.

मला छळतो तो तिसरा, सज्जन युक्तिवाद. माइंडफुलनेसमुळे मानसिक आजाराविषयीची लाज कमी झाली, असं तो सांगतो. माणूस ध्यानाच्या निमित्ताने दारापर्यंत तरी येतो, पुढे गरज पडली तर डॉक्टरकडेही जातो. हे इतकं समंजस वाटतं की कुणी तपासतच नाही.

तपासायचं तर एखाद्या घरात डोकवावं. मुलगा दहा दिवस विपश्यनेला जाऊन आला, हे आई नातेवाइकांना कौतुकाने सांगते. त्याच घरात मुलीच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरल्या जातात आणि त्या आणल्या जातात कोपऱ्यावरच्या नव्हे, दोन उपनगरं पलीकडच्या केमिस्टकडून. स्थळं बघायला सुरुवात झाली की ती बाटलीही कपाटात जाते. लाज कमी झाली म्हणतात ती नेमकी कुठली? ध्यानाची लाज आपल्याला कधीच नव्हती. होती ती सायकिअॅट्रिस्टच्या पाटीची, आणि ती जागची हललेली नाही. उलट आता ‘मनावर काम करणारे’ आणि ‘गोळ्या घेणारे’ अशा दोन जाती पडल्या आहेत.

बरं, दारापर्यंत आलेला माणूस आत जातो का? आपला इलाज सुरू झाला, अशीच त्याची समजूत होते. बरं वाटलं नाही की ‘तू मनापासून करत नाहीस’ हे ऐकवायला माणसं तयारच असतात. आणि भाषा बदलली म्हणावं, तर स्ट्रेस आणि बर्नआउट हे शब्द प्रतिष्ठित झाले, हे कबूल. स्किझोफ्रेनिया झाला का? मनोविकारतज्ज्ञाचं सर्टिफिकेट जोडून रजा मागायला आजही किती जण धजतात? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या विकारांतले 70 ते 92 टक्के लोक उपचारांबाहेर होते. 2017 च्या कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराची बरोबरी दिली. ती मिळवायला आधी आजाराचं नाव कागदावर यावं लागतं.

याचा अर्थ माइंडफुलनेस थोतांड आहे असा नाही. पुरावा आहे आणि चांगला आहे. फक्त तो कशाचा आहे ते बघावं. टीसडेल, सीगल आणि विल्यम्स यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 145 माणसं होती, सगळी नैराश्यातून बाहेर आलेली. ज्यांना तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलं होतं, त्यांच्यात ते पुन्हा उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत 66 टक्के होतं, ध्यानवर्गाची जोड दिल्यावर 37. दोनच वेळा आलेल्यांत असा फायदा दिसला नाही. 2015 च्या ब्रिटिश चाचणीत हा वर्ग नेहमीच्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरला (नैराश्य उलटण्याचं प्रमाण 44 विरुद्ध 47 टक्के), आणि तेवढंच वाक्य उचलून ‘ध्यान म्हणजे गोळ्यांना पर्याय’ असं फिरवलं गेलं. त्या चाचणीतली माणसंही सावरलेलीच होती, हे मात्र वाटेत गळालं.

माझ्या लेखी सगळा प्रश्न या एका फरकाचा आहे: सावरलेल्या काळात शिकायचं साधन आणि कोसळलेल्या काळातला उपचार. सावरलेल्या माणसाला लहानशी उदासी आली की जुन्या विचारांची साखळी जागी होते, आणि ती वेळीच ओळखायला हा सराव शिकवतो. ऐन नैराश्यात लक्ष न लागणं हेच आजाराचं लक्षण. त्या माणसाला ‘श्वासावर लक्ष ठेव’ म्हणणं म्हणजे त्याच्या अपयशांच्या यादीत आणखी एक घालणं. चिंताविकारांत गणित वेगळं असू शकतं. 2022 च्या एका अमेरिकन चाचणीत आठ आठवड्यांचा वर्ग एस्सिटालोप्राम या गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण तिथेही आधी निदान झालेलं होतं, समोर शिक्षक होता आणि रोज पाऊण तास घरचा सराव होता. अॅपमधल्या आवाजाला यातलं काय माहीत असतं?

इगतपुरीच्या शिबिराचा अर्ज मात्र मानसिक आजाराविषयी विचारतो. गंभीर मनोविकार असलेल्यांनी येऊ नये, असं ते स्वच्छ सांगतात. कबाट-झिन यांच्या वाटेने निघालेल्या नैराश्याच्या वर्गांतही आधी मुलाखत होते. म्हणजे ज्यांनी हे गंभीरपणे केलं, ते आधी विचारतात. आणि त्या अर्जातला तो रकाना खरा भरायचा, तर घरात आजाराचं नाव आधी मोठ्याने घेतलं गेलेलं असावं लागतं. दाराचा युक्तिवाद करणारे सांगतात, ध्यानातून मोकळेपणा येतो. इथे ध्यानाला धोका न पत्करता बसायचं, तर मोकळेपणा आधी हवा.