जनुकपालट आणि करुणेची मर्यादा

दुःखिताचे दुःख निवारावे, याविषयी दुमत नाही. परंतु जो अद्याप जन्मासही आला नाही, त्याच्या देहाचे बीज पालटण्याचा अधिकार कोणास, हे विचारणीय आहे.

२०१८ साली चीनमधील हे च्यानख्वे या शास्त्रज्ञाने ‘क्रिस्पर’ तंत्राने गर्भातील जनुक पालटल्याचे जाहीर केले. त्यातून जुळ्या मुली जन्मल्या. पिता एचआयव्हीबाधित, मुलींस ती बाधा कधीच होऊ नये, हा हेतू सांगितला गेला. वस्तुतः पित्याकडून अपत्यास होणारी बाधा टाळण्याचे अन्य उपाय आधीच उपलब्ध होते. २०१९ साली न्यायालयाने त्यास ३ वर्षांचा कारावास दिला.

याच तंत्राने सिकलसेलवर होणाऱ्या उपचारास २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. या रोगाची व्यथा विदर्भातील आदिवासी बांधवांस परिचित आहे. येथे रोगी प्रत्यक्ष पीडा भोगत असतो आणि पालट त्याच्याच रक्तपेशींपुरता राहतो.

शंका : माता-पिता बालकास न विचारता लस देतातच, मग गर्भाचे जनुक पालटण्यातच दोष कोणता?

समाधान : लसीचा परिणाम त्या देहासह संपतो, बीजातील चूक मात्र संततीच्या संततीसही भोगावी लागू शकते. जे कर्त्यास मागे घेता येत नाही, ते करण्यापूर्वी दोन गोष्टी सिद्ध असाव्यात : अन्य उपाय नाही, आणि अपाय नाही. ही दोन्ही जेथे नाहीत तेथे करुणेचे नाव घेतले, तरी ते अविचारी साहसच होय.