घेराचं मागून बघू

टोपी विणायची तर आधी डोकं मोजायचं, हा सरधोपट नियम. घेराएवढे टाके सुईवर घालायचे, काठापासून वर चढायचं आणि शेंड्याकडे टाके घटवत न्यायचे. सगळी भिस्त पहिल्या ओळीवर. अंदाज चुकला की उसवा. बाळाच्या टोपऱ्याचं तर विचारूच नका, विणून होईस्तोवर डोकं पुढे निघून गेलेलं असतं.

आडवी टोपी घेराची घाई करत नाही. सुईवर घ्यायची ती फक्त उंची. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरच्या सुया असतील, तर मोठ्या माणसाला ४० टाके पुरतात. मग सगळ्या ओळी सुलट. खुबी आहे ती परत फिरण्यात. शेंड्याकडचे २ टाके न विणताच सुई वळवायची, पुढच्या खेपेला ४ सोडून, मग ६. काठाकडे ओळी जास्त पडतात, शेंड्याकडे कमी, आणि घेरदार परकराला असते तशी कळी तयार होते. २० टाके मागे राहिले की एक ओळ थेट शेंड्यापर्यंत न्यायची आणि दुसरी कळी धरायची. सकाळच्या चहानंतर एक कळी आरामात होते. साधारण ८ कळ्यांत डोकं भरतं. हात घट्ट असेल तर नववी घाला. डोक्याभोवती गुंडाळून बघावं आणि ठरवावं. दिवसाची आखणी करताना इतकी मुभा आपण स्वतःला क्वचितच देतो.

सुलट-सुलट ओळींची वीण म्हणजे बिगरी, असं पट्टीच्या विणणाऱ्या मानतात. इंग्लंडात जन्मून अमेरिकेत स्थिरावलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांचा मात्र याच विणीवर जीव होता. दोन ओळींचा एक वळ होतो, आणि त्याची उंची जवळपास टाक्याच्या रुंदीएवढीच भरते, त्यामुळे हिशोब सोपा. आडव्या टोपीत हे वळ काठापासून शेंड्याकडे उभे धावतात. ही वीण वळांना आडवी ताणली की छान ताणते, म्हणून टोपी डोक्याला बेताची धरून बसते. काठाजवळच्या काही टाक्यांत एक सुलट, एक उलट घेऊन, परतताना सुलटावर उलट आणत दाणे उठवले, तर कपाळाभोवती दाणेदार पट्टा फिरतो. एवढी मेहनत काळ्या लोकरीत घालू नये. फिक्या, एकरंगी लोकरीवर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक दाण्याची सावली वेगळी दिसते.

शेवटी पहिली आणि शेवटची ओळ टाक्याला टाका भिडवून जोडायची, शेंड्याच्या भोकातून लोकर ओवून आवळायची. वर गोंडा लावायची पद्धत आहे. मला ती पसंत नाही. आठही कळ्या जिथे मिळतात, नेमकी तीच जागा तो झाकतो. पण घरातल्या पोरांपुढे हा युक्तिवाद टिकत नाही. त्यांना गोंडा हवा असतो, आणि तोही दुसऱ्या रंगाचा.