चाक वर येतं तेव्हा

सेव्हनमध्ये बसलं की पुढचं चाक दिसतं. बहुतेक गाड्यांत ते पत्र्याआड असतं. इथे निमुळत्या नाकाच्या दोन्ही बाजूंना उघड्यावर, डोक्यावर चिमुकला मडगार्ड घेऊन उभं. आज या चाकाकडेच बघायचं आहे. इंजिन बंद आहे. इंग्लंडमधल्या घरांना लागून असतं तसलं गॅरेज, खाली सपाट फरशी, बाजूच्या टेबलावर नव्या सस्पेन्शनची खोकी. खोकी फोडायची घाई नको.

कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली, १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, आणि रूप फारसं न बदलता ती अजून तयार होते. वजन ५०० किलोच्या आसपास धरा. आता तिच्यात सावकाश बसा. ७५ किलोचा माणूस बसला म्हणजे गाडीच्या वजनात १५ टक्क्यांची भर पडली. मोठ्या सेडानला माणूस बसल्याचं फारसं कळत नाही. ही मात्र तुमच्या बाजूला खचते. किती खचली ते अंगाला कळू द्या. यापुढचा प्रत्येक हिशेब या खचलेल्या गाडीचा आहे. म्हणूनच सीटवर चालकाच्या वजनाची पोती ठेवल्याशिवाय जाणता फिटर या गाडीचं अलाइनमेंट करत नाही.

नजर चाक धरून ठेवणाऱ्या वरच्या आर्मवर न्या. जुन्या सेव्हनमध्ये तिथे पूर्ण त्रिकोणी आर्म नसायचा. आडवा एक आर्म आणि त्याला पुढून येऊन मिळणारं अँटी-रोल बारचं टोक, अशा दोघांचा मिळून वरचा विशबोन व्हायचा. वळणावर गाडीचं कलणं आवरणारी सळईच ब्रेक लावल्यावर चाक मागे ढकललं जाऊ देत नसे. एका सळईत दोन कामं, वजन कमी, खर्च कमी: चॅपमन यांचा खाक्या.

इथे जरा रेंगाळा. बार बदलायचा ठरला तर काय होईल? सळईचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिलिमीटरची सळई १५ ची केली की कडकपणा जवळजवळ अडीचपट. पण तीच सळई चाकाची जागाही धरून असेल, तर एका कामासाठी केलेला बदल दुसऱ्या कामात लुडबुड करणार. पुढे कॅटरहॅमने वरचा आर्म पूर्ण केला आणि बार वेगळा काढला. माझ्या मते या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमधली ही सगळ्यात मोलाची सुधारणा, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

आता खालच्या टोकाशी या. दोन आर्मांना जोडणारा उभा तुकडा, अपराइट. चॅपमन यांनी तो स्वतः घडवला नाही. सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेत, १९६० पासून, तो ट्रायम्फ हेरल्ड या साध्या कौटुंबिक गाडीकडून घेतला होता. हीच हेरल्ड मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने साठच्या दशकात भारतात बनवली. त्या काळी मुंबई-पुण्याच्या ज्या मिस्त्र्याने स्टँडर्ड हेरल्डचं पुढचं चाक उतरवलं असेल, त्याच्या हातात हीच रचना आली असणार. रेसच्या मैदानावर मिरवणाऱ्या गाडीचा हा सांधा इतका घरगुती होता.

या अपराइटच्या तळाला जाडसर आटे आहेत. ते पितळी धातूच्या ट्रनियनमध्ये बसतात, आणि स्टीअरिंग फिरवलं की अपराइट त्या आट्यांवर फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. हे आटे बाहेरून दिसत नाहीत. त्यांना गिअर ऑइल हवं असतं, ९० ग्रेडचं दाट तेल. अनेकांनी सवयीने ग्रीस भरलं. ग्रीस वाळून घट्ट होतं, आत पाणी शिरतं, आटे गंजतात, आणि ट्रनियन जड फिरू लागला की प्रत्येक वळणाचा पीळ अपराइटच्या बारीक झालेल्या भागावर येतो. तिथे चीर पडते. एक दिवस गाडी पार्क करताना चाक आत दुमडतं, आणि नशीब वाईट असेल तर पार्क करतानाच दुमडतं असंही नाही.

नवा शॉकअप मागवणाऱ्या किती जणांनी आधी ही आटेवाली जागा उघडून पाहिली असेल? चाक वर उचला. एक हात टायरच्या माथ्यावर, एक तळाशी. ढकला, ओढा. बारीक टक् ऐकू येते का? आली तर खोक्यातला शॉकअप कितीही महागाचा असो, आधी ती टक् घालवायची. ट्रनियनऐवजी गोल बेअरिंगचा सांधा बसवायचे किट मिळतात. चांगले आहेत, मात्र त्यात आटेवाला रॉड-एंड वाकणारा भार घेत असेल तर नको. रॉड-एंड ओढायला आणि दाबायला केलेला असतो.

यानंतर स्प्रिंग. सगळ्यांचा जीव इथेच अडकलेला असतो, आणि सगळ्यांना ती कडक हवी असते. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेला भार ११० किलो आहे. तो सेकंदाला दीड वेळा हेलकावावा, म्हणजे स्पोर्ट्स कारला शोभेलसा, असं म्हटलं तर चाकापाशी मिलिमीटरला एक किलोचा कडकपणा पुरतो. फक्त एक किलो. शॉकअप आर्मच्या दोन-तृतीयांश लांबीवर बसलेला असेल तर चाकाला स्प्रिंगचा कडकपणा दोन-तृतीयांशाच्या वर्गाएवढाच, म्हणजे ४४ टक्के पोचतो. म्हणून प्रत्यक्ष स्प्रिंग सव्वादोन किलोची लागेल. कॅटरहॅमच्या वाइड ट्रॅकसारखे लांब आर्म लावलेत आणि शॉकअपची जागा तीच ठेवलीत तर? आर्म दहा टक्के लांबला की तीच स्प्रिंग चाकाला सतरा टक्के मऊ लागते. वळणावर बाहेरच्या चाकावर जाणारा भार ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, रुंद झाल्याने घटतो, हा फायदा खराच. पण या सतरा टक्क्यांचा हिशेब न करता लोक म्हणतात, गाडी डुलते.

आणि स्प्रिंगखालचं वजन? चाक, टायर, ब्रेक, अपराइट मिळून २२ किलो धरा. भाराशी प्रमाण पाचास एक. मोठ्या गाडीत ते दहास एकच्या आसपास असतं. हलक्या गाडीचं चाक तिच्या मानाने जड असतं, खड्ड्यातून उसळलं की अख्ख्या गाडीला धक्का देऊन जातं. स्प्रिंग कडक केली की हा धक्का वाढतो. इंग्लंडच्या ज्या वळणावळणाच्या, ठिगळं लावलेल्या बी-रोडवर ही गाडी खरी खुलते, तिथे कडक स्प्रिंगवर टायर रस्ता सोडून उड्या मारतो, आणि हवेतल्या टायरला पकड नसते. मऊ स्प्रिंग, तिला काबूत ठेवणारा चांगला शॉकअप आणि न वाकणारी चासी, ही लोटसची जुनी वाट. शॉकअपवर पैसे टाका. स्प्रिंगवर जपून.

आता स्प्रिंग काढून ठेवा. गाडी आधाराच्या लोखंडी घोड्यांवर, स्टीअरिंग सरळ बांधलेलं, शॉकअप सुटलेला. एका हाताने चाक वरखाली होतं. ते पूर्ण खाली सोडा. हबला एक सरळ फळी बांधा, आणि गाडीच्या लांबीला समांतर एक दोरा ताणा. फळीच्या पुढच्या टोकापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर घ्या, मग मागच्या टोकापासून. आता जॅकने चाक सेंटिमीटरभर वर घ्या. पुन्हा मोजा. पुन्हा एक सेंटिमीटर. इथे घाई केली तर सगळं वाया जातं.

चाक वर येताना त्याचा माथा किंचित आत कलतोय, पाहा. वरचा आर्म खालच्याहून आखूड आहे, त्याचा कंस लहान. वळणावर गाडी बाहेर कलली तरी बाहेरचं चाक रस्त्यावर नीट टेकावं म्हणून ही योजना. हे कलणं हवंच आहे. पण फळीची टोकं? एक टोक दोऱ्याकडे सरकत असेल आणि दुसरं लांब जात असेल, तर तुम्ही स्टीअरिंगला हातही न लावता चाक वळतंय. टाय रॉडचा कंस आर्मांच्या कंसांशी जुळत नाही. रस्त्यावर प्रत्येक उंचवट्याला गाडी नाक हलवते आणि चालक मनगटाने ते सावरत राहतो. पुष्कळ जण तर या हलण्यालाच स्टीअरिंगचा जिवंतपणा समजतात. उपाय पातळ पत्र्याच्या शिमचा: स्टीअरिंग रॅकखाली मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या शिम घालायच्या किंवा काढायच्या, पुन्हा खालपासून वर मोजत यायचं. गाडी दिसायला छान म्हणून खाली बसवली असेल तर आर्म कंसाच्या वेगळ्याच भागात काम करतात, आणि हे सगळं परत पहिल्यापासून.

जोडणी करताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची. रबरी बुशचे नट चाक लोंबकळत असताना आवळायचे नाहीत. रबर आतल्या-बाहेरच्या नळ्यांना घट्ट चिकटलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. लोंबत्या चाकावर आवळलं तर गाडी जमिनीवर उतरल्या क्षणापासून बुश कायमची पिळलेली राहते, गाडीची उंची चुकते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून नट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवा, सीटवर पोती ठेवा, नाक दोन-चारदा दाबून सोडा. गाडी आपल्या जागी बसली की मग खाली शिरून टॉर्क रेंच चालवा. अडचणीचं काम आहे, पाठ धरते.

बाहेर पडण्याआधी टायरची हवा बघा. एवढ्या हलक्या गाडीला २० पीएसआयच्याही खाली हवा चालते, आणि पेट्रोल पंपावरचा मुलगा सवयीने ३२ भरून देतो. शॉकअपचे क्लिक मऊ बाजूला ठेवा. ओळखीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगाने. एका वेळी एकच बदल करा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि काय केलं ते वहीत टिपून ठेवा.