तोंडावरची साक्ष

दारू प्यायल्याने तोंडावर मुरुमं येतात का, हे माझ्या काउंटरवर औषधासाठी क्वचितच विचारलं जातं. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या एका गल्लीत माझं मेडिकल आहे. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिला हवा असतो पुरावा. मुलगा कॉलेजात जायला लागलाय, रात्री उशिरा येतो, गालावर लालभडक पुळ्या उठल्यात. म्हणजे बसत असणार कुठेतरी उत्तनच्या बाजूला, नाहीतर काशीमिऱ्याला हायवेवर. "बघा ना ताई, तोंडच सांगतंय." तोंड यातलं काही सांगत नाही, हे तिला पटवण्यापेक्षा जेल विकणं सोपं.

मुरूम कसा येतो ते तसं सरळ आहे. वयात येताना संप्रेरकं वाढतात, त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, केसाच्या मुळाचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजतं. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस हा जंतू सगळ्यांच्याच त्वचेवर मुक्कामाला असतो. तो त्या बुजलेल्या जागेत वाढतो आणि सूज येते. या साखळीत दारूची कडी नेमकी कुठे बसते, हे अजून कुणी ठामपणे दाखवलेलं नाही. गोड, मैदा आणि दूध यांच्याविरुद्ध मात्र पुरावा बराच जमलाय. म्हणजे रोज रात्री ग्लासभर दूध पिऊन झोपणाऱ्या माळकरी पोरावर शनिवारी बिअर पिणाऱ्या त्याच्या मित्रापेक्षा जास्त संशय घ्यायला हवा. जिमचा पावडरचा डबा नाहीतर इंजेक्शन हा आणखी एक आरोपी. त्याबद्दल आया विचारत नाहीत, कारण व्यायाम हे सत्कर्म.

दारू त्वचेला काहीच करत नाही, असं मी म्हणत नाही. तोंड लाल होतं, कारण रक्तवाहिन्या सैलावतात. सोरायसिस असलेल्याने खूप प्यायली तर तो चिघळतो. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या पाहणीवरून 2017 साली प्रसिद्ध झालं, की पांढरी वाइन आणि कडक दारू पिणाऱ्या स्त्रियांत रोझेशियाचं प्रमाण जास्त आढळतं. यकृत गेलं की छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा फुटतात, तळवे लाल होतात, डोळे पिवळे पडतात. पण तोवर त्या माणसाला त्वचेची चिंता करायला वेळ उरलेला नसतो.

मला खरा प्रश्न पुढे पडतो. पाप तोंडावर दिसावं, असं आपल्याला का वाटतं?

हे वाटणं जुनं आहे. कोणत्या पापाची कोणती खूण अंगावर उमटते, याची मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात यादीच आहे. सोनं चोरणाऱ्याची नखं बिघडतात, ब्रह्महत्या करणाऱ्याला क्षय होतो, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात. त्वचेचा रोग दारुड्याच्या वाट्याला आलेलाच नाही. तो गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्यासाठी राखून ठेवलाय! शिवाय काही खुणा याच जन्मातल्या कर्मांच्या, काही मागच्या जन्मातल्या, असंही तिथे म्हटलंय. मग साक्षीदार कुठल्या खटल्यात बोलतोय तेच कळत नाही. वैद्य मंडळी यापेक्षा शहाणी. सुश्रुताने तरुणांच्या तोंडावरच्या पुळ्यांना मुखदूषिका म्हटलं, काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली, कफ, वात आणि रक्त ही कारणं सांगितली आणि विषय संपवला. पापाचा उल्लेख नाही. चरकाने रक्त बिघडवणाऱ्या गोष्टींत दारू धरली खरी, पण ती वाईट, अति आणि तीक्ष्ण असेल तर. वैद्याने दारूला दोष दिला तोही माप बघून.

तोंडाची साक्ष खोटी असू शकते, हे मी पुस्तकातून शिकले नाही, घरातच पाहिलं. आमचे अण्णा परळच्या एका गिरणीत कारकून. 1982च्या संपात गिरणी गेली, लालबागची खोली विकून आम्ही भाईंदरला आलो. तेव्हा इथे गाडीतून उतरलं की मिठागरं दिसायची. महानगरपालिका व्हायला 2002 उजाडायचं होतं. अण्णांनी तरुणपणीच आळंदीला माळ घातलेली. दारूचा थेंब कधी तोंडात नाही. आणि पन्नाशीत त्यांचं नाक सुजायला लागलं. लाल, जाड, वर खड्डे पडलेलं, संत्र्याच्या सालीसारखं. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, भजनाच्या बैठकीतसुद्धा लोक आधी नाक बघायचे, मग माळ आणि मग एकमेकांकडे. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा रोझेशियाचाच एक प्रकार, रायनोफायमा. जगभर याला दारुड्याचं नाक म्हणत आले, पण ते होणारे कितीतरी लोक आयुष्यात प्यायलेले नसतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात घिर्लांदायो या इटालियन चित्रकाराचं 1490च्या आसपासचं एक चित्र आहे. एक म्हातारा, अगदी असंच नाक, आणि मांडीशी बिलगून मायेने त्याच्याकडे बघणारा नातू. चित्रकाराने ते नाक लपवलं नाही आणि त्यावरून त्या माणसाचा निवाडाही केला नाही. छापील चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटलं नाही.

आईचा हट्ट, की डॉक्टरांचा कागद भजनी मंडळात दाखवा. अण्णा म्हणाले, "माळ मी विठोबासाठी घातलीय. यांना कागद दाखवून ती खरी होणार आहे का?" कागद कपाटातच राहिला. आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही तेव्हा तो ताठा वाटला. आता वाटतं, व्रत म्हणजे काय हे त्या घरात त्यांना एकट्यालाच नीट कळलं होतं.

आमच्या या गावात न पिण्याची कारणं गल्लीगल्लीत वेगळी आहेत. भाईंदर पश्चिमेला बावन जिनालयाच्या आसपास राहणारी जैन कुटुंबं दारूला शिवत नाहीत, कारण आंबवलेल्या रसात असंख्य जीव उपजतात आणि पिणारा ते मारतो. हे कारण अहिंसेचं, स्वतःच्या तब्येतीचा त्यात संबंध नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही आहे आणि पंचशीलातलं पाचवं शील सांगतं, की नशेने माणसाचं भान सुटतं. मीरा रोडच्या नया नगरात कुराण वाचणाऱ्याला माहीत असतं, की त्यात दारूचे काही फायदे आहेत हे मान्य केलंय आणि तरीही पाप फायद्याहून मोठं म्हटलंय. मला हे फार आवडतं. फायदा नाकारायची गरजच पडली नाही. आणि उत्तन, पाली, डोंगरीच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी वेदीवर वाइन असतेच. संत पॉलने तर तिमथीला पोटासाठी थोडी वाइन घे, असं पत्रात लिहिलंय. एकाच महापालिकेच्या हद्दीत एवढी मतं, आणि त्यातलं एकही मुरुमावर टेकलेलं नाही.

कुणी म्हणेल, धर्मगुरूंनीही शरीराची भीती घातलीच की. घातली. सिगाल नावाच्या एका गृहस्थपुत्राला बुद्धाने नशेचे सहा तोटे सांगितले. पैसा जातो, भांडणं वाढतात, रोग होतात, अब्रू जाते, लाज सुटते, बुद्धी दुबळी होते. हेमचंद्राने योगशास्त्रात म्हटलंय, की मद्याने कांती, कीर्ती, मती आणि श्री निघून जातात. कांतीचा नंबर पहिला! पण बुद्ध संसारी पोराशी बोलत होता, त्याला समजेल अशा हिशेबाने. भिक्षूने न पिण्यामागे तो हिशेब नाही. उद्या कुणी सिद्ध केलं, की मापात प्यायल्याने कांती उजळते, तर हेमचंद्राचा जैन वाचक बाटली उघडणार आहे थोडाच? आणि जो उघडेल त्याने व्रत घेतलंच नव्हतं, त्याने फक्त तोंड जपलं होतं.

सरकारचा कारभार बरोबर उलटा. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात आजही कायद्याने प्यायची तर परवाना लागतो आणि तो परवाना असतो प्रकृती राखण्यासाठी! परमिट रूममध्ये बसलेला अख्खा महाराष्ट्र कागदोपत्री तब्येत सांभाळतोय. पिणाऱ्याला आरोग्याचं निमित्त, न पिणाऱ्यालाही आरोग्याचंच.

औषधवाली म्हणून विचाराल तर माझ्याकडे मुरुमांपेक्षा भक्कम कारणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 सालीच दारू पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, नोंदवली. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि नंतर स्तन, आतडंही. 2023मध्ये त्या संघटनेने स्पष्टच म्हटलं, की सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही. हे मी सांगते, आणि ऐकणारं गिऱ्हाईक मान डोलावून पुरळाचीच ट्यूब मागतं. त्या ट्यूबचं वेगळंच दुःख. शेजारणीने सुचवलेली, स्टेरॉईड मिसळलेली गोरं करणारी क्रीम महिनोन्‌महिने चोळून तोंडं जी जळतात, ती बघवत नाहीत. 2018मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी मागणं थांबलेलं नाही. त्या जळलेल्या तोंडांवरही लोक भलतंच काहीतरी वाचत असणार.

पण याच काउंटरवर कधीकधी खरा धर्माचा प्रश्न येतो. क्लिंडामायसिनच्या द्रावणाची बाटली हातात घेऊन नया नगरातला एक मुलगा विचारतो, यात अल्कोहोल आहे, नमाजाला चालेल का? त्या द्रावणात आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते प्यायचं नसतं, हे मी सांगते. चालेल की नाही ते मौलानांना विचार, म्हणते, आणि तोवर बिनअल्कोहोलचं जेल काढून ठेवते. क्रीमच्या खोक्यावर सेटिल अल्कोहोल वाचून दचकणारेही असतात. ते नुसतं मेणासारखं असतं, त्याने नशा चढत नाही, हे ऐकून ते हसतात.

मागच्या चातुर्मासात एक जैन बेन मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या गालांवर, हनुवटीवर मोठाल्या गाठी, डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन लिहिलेलं. मी नेहमीचं सांगितलं, यावर गरोदर राहायचं नाही, यकृताची तपासणी करायची, दारू टाळायची. दारूवर दोघी हसल्या. मग बेननी पाकीट डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, "ये कॅप्सूल किससे बनता है?" जिलेटिन, मी म्हटलं. जनावराच्या हाडाकातड्यापासून. मुलीने आईकडे बघितलं. तोंड भरून दुखत होतं पोरीचं, ते मला दिसत होतं. "मला नको," ती म्हणाली, आईच्या आधी. बेन म्हणाल्या, महाराजसाहेबांना विचारते, औषध म्हणून सूट असेल तर बघू. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसरी गोळी आणि लावायचं जेल सांगितलं, गुण यायला जास्त दिवस लागतील म्हणाले. मुलगी म्हणाली, चालेल. मी बिल केलं.