देण्याचा अधिकार

चौदा-पंधरा वर्षांचे मूल परक्या देशातील निवासी शाळेत दाखल होते, तेव्हा त्याच्याभोवतीच्या सर्व वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न पडतो : याला आपण काय देऊ शकतो? प्रश्न सद्भावनेचा आहे. परंतु अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका निवासी शाळेत गणित शिकवताना, आणि आपल्याकडे ज्याला रेक्टर म्हणतात तसे वसतिगृहाचे काम सांभाळताना, हा प्रश्न अपुरा आहे अशी माझी खात्री होत गेली. या मुलाकडून आपण काय घेऊ शकतो, हेही कोणीतरी विचारावे लागते. तोपर्यंत ते मूल शाळेत राहते, पण शाळेचे होत नाही.

ही खात्री ज्याच्यामुळे झाली तो मुलगा चीनच्या सिचुआन प्रांतातून नववीच्या वर्गात आला होता. ऑगस्टच्या अखेरीस आई-वडील त्याला पोहोचवायला आले. आईने त्याच्या पलंगावर चादर घातली. वडिलांनी खिशातून एक कागद काढला आणि इंग्रजीत लिहून आणलेली वाक्ये मला सावकाश वाचून दाखवली : मुलाला कष्ट करू द्या, चुकला तर रागवा, आणि तो वेळेवर जेवतो की नाही एवढे पाहा. मग ते दोघे विमानतळाकडे निघाले. मुलगा दारात उभा राहून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हते, आणि ते न दिसू देण्यासाठी त्याला किती श्रम पडत असतील याची मला कल्पना होती.

अशी मुले एवढ्या लांब का येतात, हे समजून घेतले पाहिजे. चीनमध्ये दर वर्षी जून महिन्यात गाओकाओ ही विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा होते. अलीकडे तिला एक कोटीहून अधिक विद्यार्थी बसतात आणि काही दिवसांतील गुणांवर पुढचे आयुष्य बरेचसे ठरते. ज्यांना परवडते असे काही पालक त्या मार्गावरून मुलाला वेळीच बाजूला काढतात. अमेरिकेतील सरकारी शाळांचे दार मात्र या मुलांना जवळजवळ बंदच असते. 1996 च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्याला एफ-1 व्हिसावर सरकारी माध्यमिक शाळेत बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ शिकता येत नाही, आणि तेवढ्या काळाचाही पूर्ण खर्च स्वतः भरावा लागतो. म्हणून खाजगी निवासी शाळा उरते. तिथल्या नामांकित संस्थांचे वर्षाचे शुल्क साठ हजार डॉलरहून अधिक असते. त्यातच 1980 पासून सुमारे साडेतीन दशके चीनमध्ये एका अपत्याचे धोरण होते. आई-वडील आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा अशा सहा जणांच्या आशा अनेकदा एकाच मुलावर एकवटतात. ते मूल विमानात बसते तेव्हाच मोठ्या ऋणात असते, आणि त्या ऋणाचा आकडा त्याला नीट ठाऊक असतो.

पहिल्या आठवड्यांत या मुलाच्या अडचणी वरकरणी किरकोळ होत्या. जेवणाच्या टेबलावर बर्फाचे पाणी असे आणि त्याला जन्मापासून गरम पाण्याची सवय होती. आगीच्या भीतीने खोलीत विजेची किटली ठेवायला मनाई होती, म्हणून तो रात्री भोजनगृहातून थर्मास भरून आणी. दुपारी सर्वांना सक्तीने कोणता तरी खेळ खेळावा लागे. त्याने धावणे निवडले, कारण धावताना बोलावे लागत नाही. या गोष्टींशी त्याने जुळवून घेतले. खरी अडचण वर्गात होती.

फिलिप्स एक्झेटर या शाळेत 1930 साली एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून एक अध्यापनपद्धती सुरू झाली. त्या पद्धतीत बाराएक विद्यार्थी आणि शिक्षक एका अंडाकृती टेबलाभोवती बसतात आणि व्याख्यानाऐवजी चर्चा करतात. पुढे अनेक शाळांनी ती स्वीकारली, आमच्या शाळेनेही. या पद्धतीत बोलणे हा अभ्यासाचाच भाग असतो आणि त्याला गुण असतात. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात वाढलेल्या मुलाची शिस्त निराळी असते. विचारल्यावर उभे राहावे, अचूक उत्तर द्यावे, आणि खात्री नसेल तर सर्वांचा वेळ घेऊ नये, हे त्याला आदराचे वर्तन वाटते. एकदा मी त्याच्या इंग्रजीच्या तासाला मागे बसलो होतो. चर्चा सुरू झाली की तो वहीच्या कोपऱ्यात आपले वाक्य लिही, त्यातले क्रियापद तपासी, एखादा शब्द खोडी. वाक्य सिद्ध होईपर्यंत चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेलेली असे. तास संपला तेव्हा वहीत अशी अनेक निर्दोष वाक्ये होती, आणि त्यांपैकी एकही कोणी ऐकले नव्हते. महिन्याअखेरच्या अहवालात त्याच्या नावापुढे शेरा आला, की याने अधिक सहभाग घ्यावा. त्या तासाला त्याच्याइतके परिश्रम टेबलाभोवती दुसऱ्या कोणी केले असतील असे मला वाटत नाही.

रात्री साडेनऊला अभ्यासाची वेळ संपे. तेव्हा त्याच्या घरी दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडून साडेनऊ वाजलेले असत. त्या वेळी आईचा फोन येई. मला चिनी भाषा येत नाही, पण त्या स्वरातले सगळे मला कळत होते. सोलापूरहून पुण्याला शिकायला आल्यावर मीही घरी त्याच स्वरात बोलत असे. जेवण चांगले आहे, अभ्यास चालू आहे, काळजी करू नका. ज्यांनी आपल्यासाठी एवढे मोजले त्यांना आपले दुःख सांगणे ही कृतघ्नता होईल, असे त्या वयात वाटते. मुलाचे मौन म्हणूनच दुहेरी असते. वर्गात तो चूक होण्याच्या भीतीने गप्प राहतो आणि घरी ऋणाच्या जाणिवेने.

शाळेत सहृदय माणसांची उणीव नव्हती. कोणी त्याला इंग्रजीची जादा शिकवणी दिली, कोणी सुट्टीत घरी बोलावले, समुपदेशकांनी आठवड्याची वेळ ठरवून दिली. तो प्रत्येकाचे वाकून आभार मानी आणि पुन्हा गप्प होई. या सगळ्या चांगुलपणाने त्याच्यावर आणखी ऋण चढत होते. जो आधीच देण्याखाली दबलेला आहे त्याला प्रत्येक उपकार हा नवा हप्ता वाटतो. परोपकाराची ही बाजू आपण सहसा पाहत नाही, कारण उपकार करणाऱ्याच्या जागेवरून ती दिसत नाही.

बदल झाला तो ऑक्टोबरात, आणि त्याची योजना कोणी केली नव्हती. त्याच्या शेजारच्या खोलीतला अकरावीचा एक मुलगा चाचणीच्या आदल्या रात्री लॉगॅरिथमच्या उदाहरणांत अडकला होता. मी त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर होतो. म्हणून तो या सिचुआनच्या मुलाकडे गेला. मी खाली आलो तेव्हा दोघे मार्गिकेत जमिनीवर बसले होते. हा पेन्सिलीने आकडे मांडत होता आणि तुटक इंग्रजीत एकामागून एक पायरी समजावत होता. दुसरा घाई करू लागला, तेव्हा याने त्याचा हात धरून थांबवले आणि आधी विचार कर असे बजावले. त्या रात्री त्याने कोणतेही वाक्य आधी वहीत लिहून पाहिले नाही. पुढच्या आठवड्यात आणखी मुले येऊ लागली. इंग्रजीच्या तासाला तोंड उघडायला त्याला त्यानंतरही बराच काळ लागला, पण एक गोष्ट लवकर घडली. इंग्रजी मला फार जड जाते, असे त्याने आईला फोनवर सांगितले. हे त्याने मला नंतर आपणहून कळवले. इथे आपले काहीतरी मोल आहे हे एकदा जाणवल्यावर आपली उणीव बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला आले.

चिनी मूल म्हणजे गणितात निपुण, असा निष्कर्ष यातून कृपया काढू नये. त्याच वसतिगृहात गणितात कच्चा असलेला दुसरा चिनी मुलगा होता. नाट्यगृहातील दिव्यांची व्यवस्था त्याच्या हाती आली आणि तो तिथे रुजला. प्रत्येकाची देण्याची वस्तू वेगळी असते. ती शोधणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

चिनी मुलांच्या अमेरिकेतील शिक्षणाला दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. युंग विंग हा तरुण 1847 साली मॅसॅच्युसेट्समधील मॉन्सन अकॅडमीत शिकायला आला. 1854 साली येल विद्यापीठाची पदवी घेऊन तो अमेरिकन विद्यापीठाचा पहिला चिनी पदवीधर ठरला. त्याच्या चिकाटीमुळे चीनच्या छिंग राजवटीने 1872 ते 1875 या काळात 120 मुलगे अमेरिकेला पाठवले. हार्टफर्ड हे शहर त्या योजनेचे केंद्र होते, आणि मुले अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड या भागातील कुटुंबांत राहून शाळेत जात. ती बेसबॉल खेळू लागली, चांगले गुण मिळवू लागली. परंतु अमेरिकेने त्यांना आपल्या सैनिकी अकादमींत प्रवेश नाकारला. ती मुले परकी होत चालली, अशी भीती चीनमधील अधिकाऱ्यांना वाटू लागली. पंधरा वर्षांची योजना 1881 सालीच गुंडाळून सर्वांना परत बोलावण्यात आले. पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला. मायदेशी परतलेल्या मुलांच्या वाट्याला प्रथम संशय आला. त्यांची विद्या दोन्ही देशांपुढे होती, आणि ती घ्यायला दोन्ही देश कचरत होते.

पुढे गरज पडली तेव्हा हीच मुले उपयोगी आली. त्यांच्यापैकी चान थ्येनयौ याने 1905 ते 1909 या काळात बीजिंग ते चांगच्याखौ हा अवघड डोंगरी रेल्वेमार्ग चिनी अभियंत्यांच्या बळावर पूर्ण केला. फिलिप्स अकॅडमी या (एक्झेटरहून वेगळ्या) शाळेत शिकलेला ल्यांग छंग वॉशिंग्टनमध्ये चीनचा राजदूत झाला. चीनमधील परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतर चीनकडून घेतलेल्या नुकसानभरपाईतील जादा रक्कम अमेरिकेने परत करावी, यासाठी त्याने प्रयत्न केले. त्या पैशातून 1911 साली छिंगह्वा ही संस्था उभी राहिली आणि चिनी विद्यार्थी पुन्हा अमेरिकेला जाऊ लागले. शिकणाऱ्याचे कष्ट आवश्यक असतातच, पण ते पुरेसे नसतात. त्या कष्टांचे फळ स्वीकारणारा कोणीतरी असावा लागतो. स्वीकारणे हेही कर्तव्य आहे, आणि देण्याच्या मानाने ते अधिक नम्रतेचे कर्तव्य आहे.

आपल्या घरांतूनही याच वयाची मुले लातूरला, कोट्याला, कधी परदेशी शिकायला जातात. तीही आई-वडिलांनी काढलेल्या कर्जाचा आकडा मनात धरूनच जातात, आणि रात्रीच्या फोनवर सगळे ठीक असल्याचे सांगतात. अशा पालकांना माझी विनंती आहे : गुण विचारण्याआधी त्याच्याकडे काहीतरी मागा. घरातल्या एखाद्या निर्णयावर त्याचे मत घ्या, धाकट्या भावंडाचे अडलेले उदाहरण त्याला फोनवर सोडवू द्या. आणि शिक्षकांना व रेक्टरांना सांगणे आहे, की नवे मूल आल्यापासून पहिल्या पंधरवड्यात त्याच्यावर असे एक काम सोपवा, जे त्याने केले नाही तर इतरांचे अडेल.