सावधपणाची साधना

समर्थ रामदास अखेरच्या वर्षांत साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर राहिले. त्यांच्या दासबोधात भक्तीबरोबरच प्रयत्न आणि सावधपणा यांवरही भर आहे. मग रिमोटवरचे छोटे हेलिकॉप्टर उडवायला शिकणे, ही साधना म्हणता येईल?

खुशाल म्हणावी.

यंत्र हवेत एका जागी ठेवायला अंगठ्यांना सतत सूक्ष्म दुरुस्ती करावी लागते. शेपूट आपल्याकडे असते तोवर निभते. नाक आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटते. तेव्हा स्वतःची दृष्टी सोडून यंत्राची घ्यावी लागते, आणि अहंकाराला नेमके हेच जड जाते.

अशा यंत्रांनाही लागू असलेल्या 2021च्या ड्रोन नियमांत हरित क्षेत्रात 400 फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या जिवाची काळजी मात्र कुठल्याही उंचीवर सुटत नाही. सज्जनगडाच्याच परिसरातल्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा नवशिक्यासाठी नव्हे. नवशिक्याने सांगलीकडच्या सपाटीवर, माणसे-गुरे नसलेले मैदान शोधावे.