ऐनवेळच्या विषयापर्यंत

आमच्या एका विद्वान स्नेह्यांनी गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात शहरी मध्यमवर्गावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. नाव घेत नाही. ज्यांनी तो लेख वाचला त्यांना कळेल, आणि ज्यांनी वाचला नाही त्यांचं काही अडलेलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शहर डोळ्यांदेखत नासतं आहे आणि शिकलेली माणसं घरात बसून क्रोशाचे रुमाल आणि लोकरीची खेळणी करताहेत. हा छंद नव्हे, हे पलायन आहे. यातले निम्मे तास जरी वॉर्ड ऑफिसात घालवले असते तरी रस्त्यांवर एक खड्डा दिसला नसता. लेखाला चित्र होतं. आरामखुर्चीत बाई, नाकावर चष्मा, मांडीवर लोकर, खिडकीबाहेर पेटलेलं गाव. चित्रात बाईच हवी होती. संध्याकाळचे चार तास क्रिकेट बघणाऱ्या गृहस्थाचं चित्र काढलं असतं तर अंकाचे निम्मे वाचक दुखावले असते.

निम्मे तास वॉर्ड ऑफिसात घालवायचे हे कबूल, पण तिथे भेटायचं कुणाला? मार्च २०२२ मध्ये पुण्या-मुंबईच्या महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नागरिकांनी आपापल्या भागात जमून कामं सुचवावीत म्हणून क्षेत्रसभांचा कायदा राज्यात २००९ सालीच झाला, पण क्षेत्रसभा प्रत्यक्ष पाहिलेला नागरिक मला अजून भेटायचा आहे. दार बंद ठेवायचं आणि आत का आला नाहीत म्हणून स्वेटर विणणाऱ्या बाईला जाब विचारायचा, ही रीत फार सोयीची आहे.

आता नेहमीचं उत्तर द्यायचं तर ते तयारच आहे. हस्तकला माणसाला चिकाटी शिकवते, चुकलं तर उसवायला शिकवते, आणि असा माणूस नागरिक म्हणूनही बरा निपजतो. रिचर्ड सेनेट यांनी २००८ साली कारागिरीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा रोख साधारण हाच. हॅना आरेंट या त्यांच्या शिक्षिका. वस्तू घडवणं वेगळं आणि चारचौघांत उभं राहून कृती करणं वेगळं, असं आरेंट मानत आणि दुसऱ्याला वरचं पान देत. शिष्याने हातांची बाजू घेतली. मला हे पुस्तक आवडतं, आणि वर्षभरापूर्वी मी हा लेख लिहिला असता तर सेनेट यांच्यावर भार टाकून मोकळी झाले असते.

पण हा युक्तिवाद फार वेळ टिकत नाही. मला माहीत असलेल्या उत्तम विणणाऱ्या बायकांपैकी काही जणी मोलकरणीचा पगार कापण्यातही तितक्याच चिकाटीच्या आहेत. विणकामाचा सद्गुणांशी संबंध लावायला गेलं की इतिहास आडवा येतो.

१९६२ चंच घ्या. चीनशी युद्ध पेटलं आणि घरोघरी जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या विणायला सुरुवात झाली. कुणी दागिने दिले, कुणी रक्त दिलं, आणि ज्यांच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं त्यांनी सुया घेतल्या. त्या हातांचा मी अनादर करणार नाही. पण हिमालयात जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत का लढत होते, हा प्रश्न त्या लोकरीखाली बराच झाकला गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, पराभवाची चौकशी झाली, अहवाल लिहिला गेला. सरकारने तो अजूनही लोकांपुढे ठेवलेला नाही. आपण स्वेटर दिला याचं समाधान इतकं उबदार होतं की अहवाल मागायचं राहूनच गेलं.

ब्रिटनमध्ये १९१४ साली हाच पेच एका कामगार पुढारी बाईने वेळीच ओळखला होता. महायुद्ध सुरू होताच राणी मेरीच्या आवाहनावरून खात्यापित्या घरांतल्या बायका सैनिकांसाठी फुकट शिवायला-विणायला बसल्या. मेरी मॅकार्थर यांनी विचारलं, की हेच काम करून पोट भरणाऱ्या शिवणकामगार बायकांनी आता काय करायचं? राणीला म्हणणं पटलं. स्त्रियांना मजुरीचं काम देण्यासाठी निधी उभा राहिला आणि त्या समितीच्या सचिव मॅकार्थरच झाल्या. देशकार्य म्हणून फुकट विणलेला मोजा कुणाच्या तरी भाकरीतून निघतो, हे माझ्या स्नेह्यांना सुचलं असतं तर त्यांचा लेख दुप्पट चांगला झाला असता.

विणणं हे पलायन नाही असं म्हणताना विणणं हेच कर्तव्य असं म्हणायचा मोह होतो, आणि तो जास्त घातक आहे. आपल्याकडे हा प्रयोग साक्षात राष्ट्रीय पातळीवर झाला, आणि तोही बेळगावात. (बेळगाव म्हटलं की मराठी माणसाला दुसरंच काही आठवतं, पण थोडं थांबावं.) डिसेंबर १९२४ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथे. सभासदत्वाची वर्गणी ठरली ती दरमहा २,००० वार सूत, म्हणजे वर्षाला २४,००० वार. दिवसाला पासष्ट-सहासष्ट वार. रोज अर्धा तास काता, असं गांधींचं मागणं होतं. स्वराज्य मागणाऱ्या माणसाने आपल्या हातचं थोडं तरी दिलं पाहिजे, ही कल्पना मला आजही भव्य वाटते. चार आणे फेकून देशभक्त होणाऱ्यांना तो चांगलाच चाप होता.

पण ठरावात एक पळवाट होती. आजारपण असेल, किंवा कातायची इच्छाच नसेल, तर दुसऱ्याने कातलेलं तेवढंच सूत दिलं तरी चालणार होतं. चार आण्यांच्या जागी विकतचं सूत आलं, एवढाच काय तो फरक. पुण्याच्या टिळकपंथी मंडळींना चरखा तसाही कधी मानवला नव्हता. त्यांची कारणं वेगळी होती, आणि सगळीच थोर होती असं म्हणवत नाही. सभासदसंख्या घसरली. सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला चार आण्यांचा पर्याय परत आला आणि कातणाऱ्यांसाठी अखिल भारत चरखा संघ वेगळा निघाला. जेमतेम नऊ महिन्यांत सूत आणि सभासदत्व यांची फारकत झाली.

त्याच महिन्यात रवींद्रनाथांचा चरख्यावरचा प्रसिद्ध लेख आला. तो का लिहिला गेला हे मुद्दाम सांगते, कारण त्यात आम्हा दिवाळी अंकवाल्यांना दिलासा आहे. चरख्याबद्दल कवी उत्साह दाखवत नाहीत म्हणून आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी त्यांना छापील बोल लावले होते, आणि तो लेख म्हणजे त्याचं उत्तर. म्हणजे हिशेब चुकते करण्यासाठी लिहिलेला लेखही मोठा होऊ शकतो. रवींद्रनाथांचे आक्षेप बरेच आहेत, त्यातले मला दोन महत्त्वाचे वाटतात. एक, तीच ती हालचाल रोज करत राहिलं की मन बधिर होतं. दोन, स्वराज्यासारखी अवघड गोष्ट सुतावर आणून ठेवली की लोकांना ती सोपी वाटू लागते, आणि सोपं काम उरकलं की अवघड कामाची आठवण कुणी काढत नाही. गांधींनी नोव्हेंबरमध्ये उत्तर दिलं: मी कुणाला आपला व्यवसाय सोडायला सांगितलेला नाही, रोजचा अर्धा तास मागितला आहे.

दुसऱ्या आक्षेपाला हे उत्तर पुरत नाही. १९६२ चे स्वेटर आठवा. रवींद्रनाथ हातकामाचे वैरी होते म्हणून हे म्हणत होते, असंही नाही. १९२२ साली त्यांनी काढलेल्या श्रीनिकेतनात विणमाग, कातडीकाम, मातीकाम सगळं होतं. त्यांचा विरोध हातकामाला कर्तव्याची पावती बनवण्याला होता. तिथे मी पूर्णपणे कवींच्या बाजूने आहे, आणि माझ्या खादीवाल्या मामांच्या हयातीत हे वाक्य लिहायची माझी छाती झाली नसती.

पहिल्या आक्षेपात मात्र कवी चुकले. त्यांनी कधी सुया हातात घेतल्या असत्या तर त्यांना कळलं असतं, की तीच ती हालचाल मनाला बधिर करत नाही, मोकळं सोडते. अर्थात काय विणता त्यावर ते आहे. वेणीची नक्षी असेल तर तिसरी सुई लागते, चार टाके पुढे की मागे हे बघावं लागतं, ओळ मोजावी लागते. मध्येच कुणी हाक मारली की गेलंच. असलं काम घरी, दार लावून करावं. पण बाळाची साधी दुलई, सगळे सुलट टाके, नऊ नंबरच्या सुया, की बोटं आपली चालत राहतात आणि कान मोकळे राहतात. लोकलच्या लेडीज डब्यात विणणाऱ्या बायका बघा. ठाणं कधी आलं हे त्यांना न बघता कळतं, शेजारणीच्या जावेचं भांडण एक शब्द न गाळता कळतं, आणि उतरताना टाका निसटलेला नसतो. पुण्या-मुंबईत लोकर लागते कुणाला, असं स्नेही विचारतात. फारशी लागत नाही. बाळंतविडा सोडला तर आमचं निम्मं विणकाम हे दुसरं काही ऐकत असताना हातांना दिलेलं काम असतं.

पॅरिसच्या त्या बदनाम बायकांचं माझ्या लेखी हेच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली बसून विणणाऱ्या क्रूर बायका हे चित्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकाने रंगवलं, आणि १८५९ मध्ये डिकन्सच्या मादाम दफार्जने ते पक्कं केलं. ती बाई मरायच्या माणसांची नावंच विणकामात नोंदवते. त्याआधीची गोष्ट साधी आहे. या बायकांना मत नव्हतं. क्रांतिकाळातल्या संसदेच्या सज्जात बसून प्रतिनिधी काय बोलतात ते ऐकायचं आणि न पटलं तर आरडाओरडा करायचा, एवढंच त्यांचं नागरिकत्व. तास न् तास बसायचं म्हणून घरचं काम सोबत. ऑक्टोबर १७९३ मध्ये बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली. मे १७९५ च्या दंग्यानंतर सज्जातूनही त्यांना बाहेर काढलं, आणि पाचांहून अधिक बायका रस्त्यात जमल्या तर धरायचा हुकूम निघाला. त्यांनी घरी बसून विणलं असतं तर कुणालाच भीती वाटली नसती.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात २०१२ पासून काही आजीबाई हेच करताहेत. कोळशाच्या थरातला वायू काढणाऱ्या कंपन्यांच्या फाटकासमोर आणि लोकप्रतिनिधींच्या कचेरीबाहेर त्या घडीच्या खुर्च्या टाकतात आणि विणत बसतात. ‘निटिंग नॅनाज’ म्हणवतात स्वतःला. ना घोषणा, ना ढकलाढकली. निदर्शनांवर राज्याने कडक कायदा केला तेव्हा त्यांच्यातल्या दोघी कोर्टात गेल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने त्यातल्या काही तरतुदी अवैध ठरवल्या. त्या जिंकल्या त्या कायद्याच्या मुद्द्यावर, टाक्यांच्या नव्हे. पण आठवड्यामागून आठवडे त्याच जागी परत यायला काहीतरी लागतं, आणि घोषणांनी घसा लवकर बसतो.

तर माझं म्हणणं इतकंच उरतं, आणि ते सुरुवातीला मनात होतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. नागरिकाचं काम मोठ्या अंशी कंटाळवाण्या ठिकाणी बसून राहण्याचं काम आहे. विणकाम त्या कामाशी स्पर्धा करत नाही आणि त्याची जागाही घेत नाही. ते बसणं सोसण्याजोगं करतं. याउपर त्याच्याकडून काही मागू नये.

कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊन पाहा. साडेआठची वेळ, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू. मागच्या सभेचं इतिवृत्त, हिशेब, थकबाकी, गळती, लिफ्ट. दहाच्या सुमाराला मोठी भाषणं करणारे घरी जातात. पुनर्विकासाची खास सभा असेल तर दोन तृतीयांश सभासद लागतात म्हणून सगळ्यांना आवर्जून बोलावणं येतं. एरवी कोण थांबलं नि कोण गेलं याचं कुणाला सोयरसुतक नसतं. आणि यादीच्या तळाशी असतं ते शेवटचं कलम: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. खरं राजकारण तिथे असतं. गच्ची कुणाला भाड्याने द्यायची, पार्किंग कुणाच्या नावे करायचं, वॉचमनची एजन्सी कुणाच्या मेहुण्याची, हे सगळं अकरानंतर, रिकाम्या खुर्च्यांसमोर. तोवर उरतात कमिटी, ज्यांचं काही अडकलं आहे ते, आणि आम्ही सुयावाल्या.

आमच्याकडच्या एका सभेत एका पदाधिकाऱ्यांनी मला जाहीरपणे सांगितलं, “काकू, सभेचा मान राखा, ते बाजूला ठेवा.” समोर सात-आठ पुरुष मोबाईलमध्ये तोंड घालून बसले होते, त्यांच्यामुळे सभेचा मान कमी होत नव्हता. त्या पदाधिकाऱ्यांचा राग माझ्या सुयांवर नव्हता, असं मला वाटतं. मोबाईल बघणारा ऐकत नसतो हे बोलणाऱ्याला माहीत असतं आणि ते त्याला परवडतं. खाली मान घालून विणणारी ऐकते आहे की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

त्या रात्री ऐनवेळच्या विषयात गच्चीवर मोबाईल टॉवर बसवू द्यायचा ठराव आला. मी विरोधात बोलले, हात वर केला. माझ्या शेजारी बसून नातवाच्या स्वेटरचा गळा काढणाऱ्या बाईंनी सुया डाव्या हातात घेतल्या आणि उजवा हात ठरावाच्या बाजूने वर केला. मेंटेनन्स कमी होणार होता, आणि त्यांनी आकडा सगळ्यांआधी काढला होता. ठराव मंजूर झाला. टॉवरचं भाडं आता सोसायटीच्या खात्यात नियमित जमा होतं, आणि दर सभेला आम्ही दोघी शेजारी बसून त्यावरून भांडतो.